रंकाळियातला विश्वचषक

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला कोल्हापुरात आला आणि चौथ्याच दिवशी कंटाळला. माझ्या तोंडून निघून गेलं, "चल, आपण वहीत फुटबॉलचा वर्ल्ड कप भरवू." यजमान देश त्यानेच काढला: रंकाळिया. रंकाळ्यावर भेळ खाताना सुचलेलं नाव. मला वाटलं, दोन तासांत आटपेल. पाच दिवस लागले.

2026 पासूनचा 48 संघांचा फॉरमॅट मी लगेच बाद केला. त्यात बारा गटांतले आठ सर्वोत्तम तिसरे संघ पुढे जातात, आणि बारातून आठ निवडायच्या तऱ्हा होतात 495. एवढं कोष्टक वहीत कोण आखणार? म्हणून 2022 च्या कतारसारखेच 32 संघ, आठ गट, 64 सामने. आईच्या फडताळातले स्टीलचे चार डबे घेतले, क्रमवारीप्रमाणे डब्यात आठ-आठ चिठ्ठ्या. यजमान पहिल्या डब्यात आणि थेट ए गटात. भारताची चिठ्ठी भाच्याने स्वतः लिहून चौथ्या डब्यात टाकली. पात्रता फेरीबद्दल मी विचारलं नाही. 1950 साली आपण पात्र ठरूनही ब्राझीलला गेलो नव्हतो, ती बाकी वसूल केली म्हणायची.

पहिली अडचण लगेच आली. "मामा, पैला सामना रंकाळिया आणि भारत पाहिजे." मी सांगितलं, रंकाळिया आशियात, भारतही आशियात, मग एका गटात कसे येतील? एका खंडाचे दोन संघ एका गटात फक्त युरोपचे चालतात. त्यांचे संघच तेरा आणि गट आठ, त्यामुळे पाच गटांत दोन-दोन येणारच. त्याने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला, "मग रंकाळिया समुद्रात सरकव." मला हसू आलं, पण वाद घालायला जागाच नव्हती. फुटबॉलपुरता ऑस्ट्रेलिया 2006 साली ओशिनिया सोडून आशियात आलाच की, आणि इस्रायल युरोपात खेळतो. सरकवला.

तरी चिठ्ठीने ऐकलं नाही. भारत गेला सी गटात, अर्जेंटिनाबरोबर. आमच्या पेठेत दर वर्ल्ड कपला अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे समोरासमोर लागतात, तेव्हा भाचा नाचलाच.

आणि मग अडकलो. डब्यात दोनच चिठ्ठ्या उरल्या, सौदी अरेबिया आणि घाना. गट उरले जी आणि एच. जी मध्ये आधीच मोरोक्को आणि दक्षिण कोरिया बसलेले. म्हणजे आशियाचाही नको, आफ्रिकेचाही नको! डबा उपडा केला, वही उलटी करून पाहिली, काही उपयोग नाही. टीव्हीवरच्या सोडतीत मोठमोठे माजी खेळाडू गोळे उघडतात आणि मध्येच एखादा संघ एक गट सोडून पुढच्यात जातो, ते मला आजवर नुसतं नाटक वाटायचं. पुढे जाऊन कोंडी होणार का हे संगणक आधीच बघत असतो, म्हणून ती उडी. आम्ही शेवटच्या चिठ्ठीला पोचल्यावर शिकलो.

चौथा डबा पुन्हा काढायचा ठरला. भाच्याने भारताची चिठ्ठी मुठीत आवळून ठेवली. "ही सोडून बाकीच्या काढ." पाटाकडील आणि खंडोबा या आपल्या तालमींच्या सामन्यात असं चालतंय का, असं विचारल्यावर मूठ सुटली, पण जेवणापर्यंत बोलला नाही. दुसऱ्या सोडतीत भारत एफ गटात गेला.

गोल ठरवायला लुडोचा फासा घेतला. आकडा तेवढे गोल धरले तर 6–5, 4–6 असले निकाल येऊ लागले. मग एकला शून्य, दोन-तीन-चारला एक गोल, पाचला दोन, सहाला तीन अशी वाटणी केली. हिशेबाने सामन्याला सरासरी 2.67 गोल पडतात. कतारमध्ये 64 सामन्यांत 172 गोल झाले, म्हणजे 2.69. या जुळणीचा मला झालेला आनंद घरात कुणालाच कळला नाही.

गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी हवेत, यावर भाचा अडून बसला. फाशाला काय कळतंय, असं मी म्हटलं खरं. पण 1982 ला स्पेनमध्ये पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियावर दहाव्या मिनिटाला गोल केला आणि पुढे ऑस्ट्रियासकट सगळे नुसता चेंडू फिरवत बसले. तेवढ्या निकालावर दोघंही पुढे जात होते, आणि त्याच गटातल्या अल्जीरियाचा सामना आदल्या दिवशीच संपलेला. ही गोष्ट मीच त्याला सांगितली होती. दुसरा फासा शेजारून आणला.

ए गटात रंकाळिया आणि इक्वेडोर दुसऱ्या जागेसाठी अडले. गुण चार-चार, गोल तीन दिले तीन खाल्ले, आपसातला सामना 1–1. यापुढे पिवळी कार्डं मोजतात. 2018 ला जपान त्यावरच सेनेगलला मागे टाकून पुढे गेला. आम्ही कार्डं लिहिलीच नव्हती. उरली चिठ्ठी. 1990 ला आयर्लंड आणि नेदरलँड्सचा क्रम असाच ठरला होता, म्हटलं चालेल. आईने डोळे मिटून डब्यात हात घातला. इक्वेडोर.

यजमान गटातच बाद. दक्षिण आफ्रिकेचं झालं, कतारचं झालं, असं समजावून बघितलं. त्याने आजीकडे असं बघितलं की तिने गुपचूप आमरस वाढला.

उपउपांत्य फेरीतले तीन सामने अजून राहिलेत. वही माझ्याकडे आहे, फासा तो पुण्याला घेऊन गेला.