जपानमधली पहिली पाच वर्षं आणि भारतातून आणलेला पैसा

टोकियोतल्या निशिकसाईत, फुनाबोरीत नाहीतर शेजारच्या योकोहामात राहणारं कुठलंही मराठी घर घ्या, पैशांचं गणित साधारण सारखंच असतं. पगार येनमध्ये येतो, त्यातला बराचसा भाग पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या बँकेत एनआरई खात्यात (परदेशात कमावलेला पैसा ठेवायचं अनिवासी भारतीयांचं खातं) जातो, कारण तिथे एफडीला सहा-सात टक्क्यांच्या आसपास मिळतात आणि इथल्या बँकेत व्याज म्हणजे नावापुरतं. तिकडे एक फ्लॅट असतो, त्याचं भाडं एनआरओ खात्यात, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीच्या खात्यात, पडत राहतं. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी इथेच घर घ्यायचं ठरतं, डाउन पेमेंटला पैसे लागतात, आणि तोच पैसा परत जपानला आणला जातो. आपलाच पैसा, त्यावर एकदा टॅक्स भरून झालेला, आता त्याचं कोण काय विचारणार असं सगळ्यांनाच वाटतं. पण जपानचा कायदा इथे वेगळ्या बाजूने विचार करतो, आणि ते पैसे पाठवायच्या आधी कळलं तर फायदा, नंतर कळलं तर फक्त हळहळ, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी टॅक्सवाली नाही, पण माझं रिटर्न दरवर्षी मी स्वतः भरते आणि हे नियम नीट वाचून काढलेत.

जपानमध्ये राहणाऱ्या माणसाचे टॅक्ससाठी तीन प्रकार होतात. वर्षभराच्या आत परत जाणार असाल तर नॉन रेसिडेंट, तुमच्या जपानमधल्या पगारातून सरळ २०.४२ टक्के कापले जातात, विषय संपला. त्यापेक्षा जास्त राहणार असाल तर रेसिडेंट. पण जपानी नागरिक नसाल आणि मागच्या १० वर्षांत मिळून तुमचं जपानमधलं वास्तव्य ५ वर्षं किंवा त्यापेक्षा कमी असेल, तर तुम्ही नॉन पर्मनंट रेसिडेंट. आपल्यातले नवीन आलेले बहुतेक सगळे याच गटात असतात. या गटाला जपानमधल्या कमाईवर पूर्ण टॅक्स, आणि परदेशातल्या कमाईवर फक्त तेव्हा टॅक्स, जेव्हा ती कमाई जपानमध्ये दिली जाते किंवा परदेशातून जपानमध्ये आणली जाते. पाच वर्षं झाली की ही सवलत संपते आणि जगात कुठेही कमावलेला पैसा जपानच्या टॅक्समध्ये येतो, आणा किंवा आणू नका.

याचा व्हिसाशी काही संबंध नाही, हे ठासून सांगते, कारण इथे फार गोंधळ होतो. हायली स्किल्ड व्हिसावर ८० पॉइंट असले तर एका वर्षात एईजूकेन म्हणजे पर्मनंट रेसिडेन्सी मिळू शकते, ७० पॉइंटवाल्यांना तीन वर्षांत. तरीही टॅक्सच्या हिशोबात तुम्ही पाच वर्षं नॉन पर्मनंटच. उलट ज्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं त्यांना ही सवलत त्या दिवसापासून नाही, मग जपानमध्ये येऊन किती का वर्षं झालेली असेनात. आणि पाच वर्षं सलग मोजायची नाहीत. आधी दोन वर्षं ऑनसाइट राहून परत गेलात आणि मग काही वर्षांनी पुन्हा आलात, तर १० वर्षांच्या खिडकीत बसणारा तो जुना काळही धरला जातो. दुसऱ्यांदा आलेली माणसं आपली मोजणी हमखास शून्यापासून सुरू करतात.

आता मुख्य मुद्दा, पैसे आणण्याचा. बहुतेकांची समजूत अशी की मी जुनी बचत आणतोय, यंदाचं व्याज किंवा भाडं नाही आणत, ते तिकडेच ठेवलंय, म्हणजे टॅक्स नाही. दोन वेगळी खाती ठेवली, एकात बचत आणि एकात व्याज, आणि बचतीच्या खात्यातूनच पाठवले की झालं, असंही सांगणारे भेटतात. जपानमध्ये हे चालत नाही. कायदा रुपयाच्या मागे मागे जाऊन हा कुठला रुपया, कधीचा रुपया असं बघतच नाही. तो त्या कॅलेंडर वर्षाचे दोन आकडे बघतो, या वर्षी परदेशात किती कमाई झाली आणि या वर्षी परदेशातून जपानमध्ये किती पैसे आले. या दोनांत जो आकडा लहान तेवढी परदेशातली कमाई इथे आणली असं धरून त्यावर टॅक्स. पैसे वीस वर्षांपूर्वीच्या बचतीचे असोत, आजीने दिलेले असोत, किंवा अगदी याच जपानमधल्या पगारातून तुम्ही दोन वर्षांपूर्वी पुण्याला पाठवलेले असोत.

आकड्यात बघू. समजा एकाचा पगार वर्षाला ८० लाख येन आहे, इथल्या भाषेत ८०० मान. त्याची पुण्याच्या बँकेत तीन वर्षांची क्युम्युलेटिव्ह, म्हणजे सगळं व्याज शेवटी एकदम देणारी, एफडी होती, ती यंदा जूनमध्ये मोडली, त्यावर एकूण व्याज १८ लाख येनच्या बरोबरीचं मिळालं आणि जुलैमध्ये मुद्दल धरून ८० लाख येन इकडे आणून फ्लॅटचं डाउन पेमेंट केलं. यंदाची परदेशातली कमाई १८ लाख, आणलेले ८० लाख, म्हणजे सगळे १८ लाख जपानमध्ये टॅक्सेबल. त्याच्या पगाराच्या पातळीवर इन्कम टॅक्स सरचार्ज धरून २०.४२ टक्के आणि त्यावर १० टक्के जुमिनझेई म्हणजे शहराचा रहिवासी कर, मिळून साडेपाच लाख येनच्या आसपास जातात. आता हीच एफडी त्याने डिसेंबरमध्ये मोडली असती आणि पैसे जानेवारीत आणले असते तर? व्याज गेल्या वर्षाची कमाई झाली, त्या वर्षी त्याने परदेशातून एक येनही आणलेला नव्हता, म्हणून ते व्याज इथल्या टॅक्समध्ये आलंच नाही. नवीन वर्षात आणले ८० लाख, पण नवीन वर्षाची परदेशातली कमाई असेल तेवढीच, थोडंफार भाडं आणि बचत खात्याचं व्याज, तेवढ्यावरच टॅक्स. यात लपवाछपवी काही नाही, कायदाच वर्षाप्रमाणे मोजतो. महिन्याभराचा फरक आणि साडेपाच लाख येन, एवढ्यात लहान मुलं असलेल्या घराची सगळ्यांची भारतवारी होते.

म्हणून माझं प्रत्येक नवीन येणाऱ्याला कळकळीचं सांगणं आहे की कुठले पैसे आणायचे यावर डोकं खर्च करण्यापेक्षा कुठल्या वर्षी आणायचे यावर करा. शक्यतो एकाच वर्षात काय ते आणून घ्या, दरवर्षी थोडं थोडं आणलं तर दरवर्षीचं भाडं आणि व्याज त्या जाळ्यात सापडत राहतं. आणि सगळा पगार उठसूट भारतात पाठवू नका. व्याजाच्या मोहाने पाठवायचा आणि अडचण आली की परत मागवायचा हा येण्याजाण्याचा खेळ सगळ्यात महाग पडतो, अडीअडचणीचे पैसे इथल्याच बँकेत राहू द्या, व्याज नाही मिळालं तर नाही.

पैसे आणणं म्हणजे फक्त बँक ट्रान्सफर असंही नाही. खिशातून कॅश आणली तरी ती धरतात. इथे उधार घेऊन ती उधारी भारतातल्या खात्यातून फेडली तरी ते आणल्यासारखंच. आणि त्याच न्यायाने भारतातलं क्रेडिट कार्ड इथल्या दुकानात वापरलं आणि बिल तिकडच्या खात्यातून गेलं, तर तेही. वर म्हटलेल्या ‘एक येनही आणला नाही’ यात हे सगळं येतं. पॉइंट मिळतात म्हणून तिकडची कार्डं इकडे फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

डेप्युटेशनवर आलेल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. अनेकांचा अर्धा पगार भारतातल्या खात्यात रुपयांत जमा होत राहतो, आणि तो भारतात मिळाला म्हणजे भारतातली कमाई असं वाटतं. नाही. काम कुठे केलं यावरून पगार कुठला ते ठरतं, टोकियोत बसून केलेल्या कामाचा पगार कुठल्याही देशातल्या खात्यात पडू दे, तो जपानमधलीच कमाई आणि त्यावर आणला न आणला तरी टॅक्स आहेच. यात एक बरं आहे की तुम्ही त्या वर्षी पैसे आणलेत तर ते आधी या तिकडे मिळालेल्या जपानी कमाईपोटी धरले जातात, आणि त्यावर उरले तरच परदेशातल्या कमाईची पाळी येते.

हे सगळं त्यांना कळणार कसं असं काहीजण विचारतात, आणि मला हा प्रश्न ऐकूनच काळजी वाटते. १० लाख येनपेक्षा मोठं कुठलंही परदेशी ट्रान्सफर, येणारं किंवा जाणारं, बँक स्वतः झेईमुशोला म्हणजे टॅक्स ऑफिसला कळवते, माय नंबर या तुमच्या सरकारी ओळख क्रमांकासकट. शिवाय भारत आणि जपान दोघंही खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवणाऱ्या व्यवस्थेत आहेत, तुमच्या एनआरई खात्यातली शिल्लक आणि व्याज त्यात जातं. कधीकधी झेईमुशोकडून या पैशांबद्दल विचारणारं पत्र येतं. तसं पत्र आलं तर घाबरून कपाटात ठेवू नका, उत्तर द्या. आपणहून उशिरा रिटर्न भरलं तर दंड ५ टक्के, त्यांनी शोधून काढलं तर १५ आणि ५० मानच्या वरच्या टॅक्सवर २० टक्के किंवा त्याहून जास्त, शिवाय उशिराचं व्याज.

रिटर्न म्हणजे काकुतेई शिन्कोकू, १६ फेब्रुवारी ते १५ मार्च. एकाच कंपनीचा पगार असेल, इयर एंड ॲडजस्टमेंट (कंपनीने वर्षाअखेरीस केलेला तुमच्या टॅक्सचा हिशोब) झालेली असेल आणि पगाराशिवायचं टॅक्सेबल उत्पन्न २० मानच्या आत असेल तर इन्कम टॅक्सचं रिटर्न भरावं लागत नाही. पण ही सूट जुमिनझेईला नाही, त्यासाठी वॉर्ड ऑफिसमध्ये सांगावं लागतं, आणि मेडिकल किंवा दुसऱ्या कशासाठी रिटर्न भरत असाल तर मग ते छोटं उत्पन्नही त्यात दाखवायचं. नॉन पर्मनंट माणसाने रिटर्नसोबत आणखी एक फॉर्म जोडायचा असतो, त्यात जपानमध्ये कधी आलात, आधी कधी राहिलात, यंदा परदेशात किती कमावलं आणि किती आणलं हे सरळ विचारलेलं असतं. दर जानेवारीत तो फॉर्म समोर ठेवून आकडे भरून बघायची मी सवय लावून घेतलीय. जुमिनझेईचा आकडा वाढला की बऱ्याच शहरांत लहान मुलांच्या होइकुएनची म्हणजे पाळणाघराची फीसुद्धा त्यावरून ठरते, तेही हिशोबात धरा.

आईवडिलांकडून थेट पैसे येणार असतील तर तो इन्कम टॅक्सचा नाही, गिफ्ट टॅक्सचा विषय आहे, त्याचा कायदा वेगळा आणि तिथे व्हिसाचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो. वर्षाला ११० मानपर्यंत सूट आहे, त्यापेक्षा मोठी रक्कम असेल तर आधी झेईरिशीला म्हणजे टॅक्स सल्लागाराला विचारा, त्याची फी वसूल होते.

आणि आता पाच वर्षांनंतरचं. एनआरई एफडीचं व्याज भारतात टॅक्स फ्री असतं, म्हणून ते सगळीकडेच टॅक्स फ्री अशी पक्की समजूत असते. जपानला भारताची ती सूट लागू नाही. पाच वर्षं झाली की ते व्याज पूर्णपणे इथल्या उत्पन्नात धरायचं, आणि भारतात काही कापलेलंच नसल्यामुळे वजावट मिळायलाही काही नसतं. एनआरओ खात्याचं उलटं, तिथे बँक व्याजावर ३० टक्के आणि वर सेस कापते, पण भारत-जपान करारात व्याजावरचा दर १० टक्के आहे, आणि जपान वजावट देताना करारातले १० टक्केच मान्य करतं. उरलेले भारतात रिटर्न भरून परत मागायचे, किंवा आधीच झेईमुशोकडून रेसिडेन्सीचं सर्टिफिकेट घेऊन बँकेला द्यायचं म्हणजे कमी कापतात. फ्लॅटचं भाडं दोन्हीकडे दाखवायचं आणि भारतात भरलेल्या टॅक्सची इथे वजावट घ्यायची. ३१ डिसेंबरला परदेशातली मालमत्ता ५ कोटी येनच्या वर असेल तर तिचं वेगळं विवरण ३० जूनपर्यंत द्यावं लागतं. मुंबईत घर असलेल्यांनी हा आकडा लांबचा समजू नये.

पाच वर्षं ज्या दिवशी पूर्ण होतात तिथे वर्षाचे दोन तुकडे पडतात, त्या दिवसापर्यंत जुना नियम आणि दुसऱ्या दिवसापासून नवा. क्युम्युलेटिव्ह एफडीचं व्याज जपानमध्ये ती मॅच्युअर होते किंवा मोडली जाते त्या दिवशीचं उत्पन्न धरतात, म्हणजे तुमची पाच वर्षांची एफडी ती तारीख ओलांडून दोन महिन्यांनी मॅच्युअर होणार असेल तर पाचही वर्षांचं व्याज एकदम टॅक्समध्ये येतं, जरी त्यातलं जवळजवळ सगळं सवलतीच्या काळात साठलेलं असलं तरी. ज्यांचं हे चौथं वर्ष चालू आहे त्यांनी लँडिंगची तारीख आणि सगळ्या एफडींच्या तारखा एका कागदावर लिहून काढा, कुठल्या आधी मोडायच्या आणि कुठल्या राहू द्यायच्या ते मोडण्याचा दंड धरून आत्ताच ठरवा.