मालिकेत कणीक कोण मळतं?

मराठी मालिकांचा विषय निघाला की सगळं संवादांवर येऊन थांबतं. सासू काय बोलली, सुनेनं ऐकून का घेतलं. मला वाटतं, बघायला हवं ते पात्रांच्या हाताकडे. घरातली कामं कुणाची, हे मालिका तिथेच सांगत असते आणि आपण नकळत मान्य करत असतो.

अर्ध्या तासाच्या एपिसोडमध्ये जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांची गोष्ट उरते. आठवड्याला सहा एपिसोड द्यायचे, म्हणजे गोरेगावची चित्रनगरी असो की घोडबंदर रोडवरचा सेट, बारा तासांच्या शिफ्टमध्ये जवळजवळ एक एपिसोड उरकावाच लागतो. लोकेशन बदलत बसायला वेळ कुठून आणणार? दिवाणखाना, जिना, देवघर, स्वयंपाकघर, एवढ्यातच सगळं घडवायचं. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या मुंबईकराला रोज रात्री दिसणारं ते भरलेलं एकत्र कुटुंब परंपरेइतकंच या हिशोबातून आलेलं असतं. सुनेच्या ऑफिसचा सेट वेगळा लावावा लागतो, म्हणून तिची नोकरी जेवणाच्या टेबलावर नुसती बोलण्यात येते.

आता हात. दोन पात्रं नुसती उभी राहून बोलली की सीन मरगळतो, म्हणून त्यांच्या हाताला काहीतरी काम देतात. बाईपुढे मेथीची जुडी किंवा कपड्यांच्या घड्या, पुरुषाकडे मोबाइल नाहीतर चहाचा कप. यात दरवेळी कुणाचा हेतू असतोच असं नाही, घाई मात्र असते. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे पूर्ण सीन लांबून टिपणाऱ्या शॉटमध्ये, अर्धी जुडी निवडून झाली असेल तर क्लोजअपमध्येही ताटात तेवढीच मेथी दिसायला हवी, नाहीतर एडिटला शॉट जुळत नाही. रीटेक टाळायचा तर जे काम ज्याच्या हाती नेहमी असतं तेच पुन्हा दिलं जातं.

म्हणूनच बदल पटकथेत लिहून यायला हवा. ‘तो कणीक मळतोय’ असं कागदावर असेल तर कलाविभाग परात, पीठ आणि रीटेकसाठी जास्तीचे गोळे आधीच तयार ठेवतो. सेटवर ऐनवेळी सुचवलं तर सामानच नसतं आणि शेवटी पुन्हा मोबाइलच हातात येतो. त्याहून मोठी चूक पुढे होते. तो मळत असताना कुणी ‘अगंबाई, आज सूर्य कुठे उगवला!’ म्हणालं, किंवा पार्श्वसंगीतात गमतीदार सूर टाकला, की त्या कामाची गंमत झाली. कुणीही दखल न घेता त्यानं मळत राहावं, मुलीच्या फीबद्दल बोलत राहावं.

गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात. ते घसरले की कथेचा ट्रॅक वळवतात, आणि असे शांत सीन आधी कापले जाऊन कारस्थानं वाढतात. प्रेक्षकांना हेच हवं असतं, हे कारण मला पटत नाही. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीनं घटस्फोट घेतला, पुन्हा लग्न केलं आणि तरीही मालिका २०१९ ते २०२४ चालली. त्याआधी ‘होणार सून मी ह्या घरची’च्या काळात बायका सोनाराकडे जाऊन जान्हवीचं मंगळसूत्र मागायच्या. पडद्यावरचं मंगळसूत्र घराघरांत पोचतं, तर परातही पोचेल.

आज रात्री आवडत्या मालिकेचा आवाज बंद करून एक एपिसोड बघा. कागदावर दोन रकाने आखा, बाई आणि पुरुष. कुणाच्या हातात काय आहे तेवढंच टिपा. बोलणं ऐकू येत नसलं की हात ठळक दिसतात.