आमची वाटचाल: डाव्या हाताचं टेबल

आमच्या दुकानात शिरलं की डाव्या हाताला एक लांब सागवानी टेबल आहे. त्यावरचं काहीच विकायचं नाही. ११ जुनी मशीन, दोन मॉनिटर, पेन ड्राइव्हचा डबा आणि एक जाड वही. नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ओ, हे भंगार कशाला ठेवलायसा?" मी दरवेळी एकच सांगतो, आमचा धंदा ह्याच टेबलावर उभा आहे.

२००८ साली मी आणि धाकट्या भावानं बेळगावच्या शहापुरात छोट्याशा गाळ्यात संगणक दुरुस्ती सुरू केली. वडील उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डर होते. त्यांनी पीएफमधून उचल काढून आमचं डिपॉझिट भरलं. गिऱ्हाइकं म्हणजे उद्यमबागेतली वर्कशॉप, गणपत गल्लीतले डीटीपीवाले, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, चिकोडीकडच्या पतसंस्था आणि खानापूर तालुक्यातल्या शाळा. फौंड्रीतल्या मशीनचा पंखा काळ्या मातीनं बसलेला असायचा. निपाणीचं मशीन उघडायचं तर तोंडाला रुमाल बांधून, दुकानाबाहेर पायरीवर. पहिली सहा वर्षं अशीच साफसफाई, फॉरमॅट आणि रॅम बदलण्यात गेली.

८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचे अपडेट कायमचे बंद झाले आणि आमच्यासाठी सगळंच बदललं. गावोगावी पेंटियम फोरची मशीन होती, ५१२ एमबी रॅमची. विंडोज सेव्हनला किमान १ जीबी लागायची, तीही नावालाच. शाळेला नवीन मशीन घेणं शक्य नव्हतं आणि जुनं फेकून द्यायला कुणाचंच मन होत नव्हतं. तेव्हा आम्ही विंडोज सोडून लिनक्सच्या लुबंटू ह्या हलक्या प्रणालीकडे वळलो. ती अशा मशीनवर नीट चालायची, फुकट होती आणि व्हायरसची रोजची कटकट संपत होती.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला तिची नवी आवृत्ती निघाली. आम्ही आठवड्याभरात ती खानापूरच्या पुढच्या एका शाळेतल्या १४ मशीनवर चढवली. ६ मशीन रीस्टार्ट झाल्यावर पडदा काळा तो काळाच राहिला. दारात मुलं रांगेत उभी होती. गुरुजी एक शब्द बोलले नाहीत, फक्त मुलांना परत वर्गात घेऊन गेले. ते मला आजही आठवतं. संध्याकाळी ती ६ मशीन टेम्पोत घालून आम्ही बेळगावला आणली.

कारण सापडायला तीन दिवस लागले. त्या मदरबोर्डवरची ग्राफिक चिप जुनी होती आणि नव्या कर्नलमधला (कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा) ती चिप चालवणारा ड्रायव्हर तिच्याशी जुळत नव्हता. बूट होताना 'नोमोडसेट' हा एक शब्द जोडला की पडदा येत होता. ही आवृत्ती महिनाभर बीटा म्हणून, म्हणजे पक्की होण्याआधी तपासून बघायला, सगळ्यांना खुली होती. ज्यांनी ती लिहिली त्यांच्याकडे हे मशीन नव्हतंच. ते इतकं जुनं की त्यांच्या देशात केव्हाच भंगारात गेलं असणार. आमच्याकडे मात्र तसली ६ होती आणि त्या महिन्यात आम्ही एकावरही बीटा लावून पाहिली नव्हती. त्या आठवड्यात टेबल आलं.

तेव्हापासून जे जे मॉडेल आमच्या भागात जास्त चालतं, त्यातलं एक आम्ही विकत घेऊन टेबलावर ठेवतो. आवृत्ती एप्रिलात आणि ऑक्टोबरात येते, बीटा त्याच्या तीन-चार आठवडे आधी. ऑक्टोबरची बीटा नवरात्राच्या आसपास पडते. खंडेनवमीला ह्या टेबलाचीही पूजा होते, आणि फुलं उचलली की काम पुन्हा चालू.

काम काय? फाइल उतरवली की आधी चेकसम जुळवायचा, म्हणजे फाइल धड उतरली की नाही ते कळतं. मग लाइव्ह सेशन, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघणं, मग प्रत्यक्ष इन्स्टॉल, मग वायफाय, आवाज, झोपवून उठवणं आणि पतसंस्थांसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पासबुकाचं एक पान. बीटाचा दोष म्हणून वहीत लिहिलेल्यापैकी निम्म्या गोष्टी बीटाच्या नसतातच. एकदा अपडेट काही केल्या उतरेना, वेबसाइटही सर्टिफिकेट (साइटच्या ओळखीचा मुदतीचा दाखला) चुकीचं म्हणून अडवत होत्या. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता, मशीन २००२ सालात होतं आणि आजचं सर्टिफिकेट त्याला अजून जन्मालाच आलेलं दिसत नव्हतं. सेल बदलला, तारीख लावली, सगळं सुरळीत. म्हणून आता प्रत्येक चाचणी तारीख पाहूनच सुरू होते.

सगळ्यात जास्त शिकवलं ते २०१६ च्या बीटानं. एका पतसंस्थेनं इंटेलच्या बे ट्रेल जातीच्या प्रोसेसरची ८ छोटी मशीन आमच्याकडून घेतली होती. २०१४ च्या आवृत्तीवर ती उत्तम चालत होती. नवी बीटा टेबलावरच्या नवव्या मशीनला लावली आणि दुसऱ्या दिवशी ते गोठलं. माउस हलेना, कॅप्स लॉकचा दिवा लागेना. बटण दाबून धरून बंद करावं लागलं. लॉग, म्हणजे मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदी, पाहिला तर शेवटच्या ओळीपर्यंत सगळं ठीक, पुढे एकदम नव्यानं बूट. कधी वीस मिनिटांत गोठायचं, कधी दोन दिवसांनी.

मला पहिला संशय लाईटचा आला, कारण दुपारी व्होल्टेज खाली येतं. यूपीएसवर घेतलं, तरी गोठलं. उष्णता असेल म्हणून झाकण काढून पंखा लावला, तरी गोठलं. रॅमवर रात्रभर मेमटेस्ट चालवली, एकही चूक नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, हा नियम तेव्हाच पडला. त्याआधी आम्ही चार गोष्टी एकदम बदलायचो आणि कशानं गुण आला ते कळायचंच नाही.

गाठ सुटली ती भावामुळे. त्याच्या लक्षात आलं की रात्रभर मोठ्या फाइली कॉम्प्रेस करायला लावल्या की मशीन सकाळपर्यंत व्यवस्थित असतं आणि नुसतं गाणं लावून ठेवलं की गोठतं. म्हणजे जास्त राबवलं तर ठीक आणि निवांत ठेवलं तर बंद. उष्णतेचा किंवा लाईटचा दोष असता तर हे उलट झालं असतं. मग आम्ही बीटा तीच ठेवली आणि तिच्या ४.४ कर्नलऐवजी जुनं ३.१६ घातलं. चार दिवस अखंड चाललं. दोष दोन कर्नलच्या मधल्या बदलात होता, एवढं पक्कं झालं.

काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला झोपतो, आणि त्या झोपेच्या पायऱ्या असतात. जेवढी खोल पायरी तेवढी बचत. नव्या कर्नलवर हा प्रोसेसर खोल पायऱ्यांमध्ये जा-ये करताना मधेच अडकत होता. भरपूर काम दिलं की त्याला खोल झोपच मिळत नव्हती, म्हणून तो बचावत होता. बूटच्या ओळीत पहिल्या पायरीच्या खाली जाऊ नकोस असं सांगितलं आणि गोठणं थांबलं. विजेचा खर्च थोडा वाढला, लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते हेही दिसलं. टेबलावरच्या मशीनसाठी हा सौदा आम्हाला मान्य होता. जगात इतरांनाही हाच त्रास होत होता, हे आम्हाला नंतर कळलं. पण पतसंस्थेच्या काउंटरवर त्यातलं एकही मशीन गोठलं नाही, कारण आम्ही ती ओळ घातल्याशिवाय एकालाही हात लावला नाही.

दोष नुसता सापडून भागत नाही, तो प्रणाली बनवणाऱ्यांना लिहून कळवावा लागतो. आमचा पहिला अहवाल दोन ओळींचा होता: मशीन चालत नाही, कृपया बघा. माहिती अपुरी म्हणून तो तसाच पडून राहिला. चूक आमचीच. ज्याच्यासमोर मशीन नाही त्याला प्रोसेसर कुठला, कर्नल कुठलं, काय केल्यावर झालं आणि किती वेळा झालं, हे सगळं आपणच द्यायला हवं. आता भाऊ एवढं नीट लिहितो की समोरून उलटा प्रश्न क्वचितच येतो.

एका गोष्टीचा मला खास अभिमान आहे. एका बीटात मराठी भाषा निवडली की मेनूत नुसते चौकोन दिसत होते. फाइल हलकी ठेवायची म्हणून देवनागरी आणि कन्नड दोन्ही फॉन्ट काढले होते. इंटरनेट असेल तर ते मागाहून उतरायचे. पावसाळ्यात आठ-आठ दिवस नेट नसलेल्या शाळेत ते कुठून उतरणार? आणि आमच्याकडे दोन्ही लिपी लागतात. वर्गात मराठी, तालुक्याला पाठवायचं पत्र कन्नडमध्ये, एकाच मशीनवर, एकाच बाईंच्या हातून. आम्ही चित्रांसकट कळवलं. सोबत 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्दही पाठवले, कारण आमचा हा ऱ्य हिंदीत लागत नाही आणि हिंदी शब्दांवर तपासलेला फॉन्ट मराठीत बरोबर चालेलच असं नाही. पक्क्या आवृत्तीत दोन्ही फॉन्ट परत आले. त्या शाळेतल्या बाईंनी मेनू उघडून पहिल्यांदा मोठ्यानं वाचला तेव्हा आम्ही दोघं तिथंच होतो.

आता टेबलावरची गर्दी बदलते आहे. ३२ बिटची, म्हणजे जुन्या प्रोसेसरची, मशीन एकेक करून उतरत आहेत, लुबंटूनं १९.०४ (एप्रिल २०१९) पासून ती सोडली, डेबियन ह्या दुसऱ्या लिनक्सच्या २०२५ च्या आवृत्ती १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही. पेंटियम फोरवाल्या गिऱ्हाइकांना आम्ही स्पष्ट सांगतो की नेटशिवाय टायपिंगपुरतं वापरा, बँकेचं काम ह्यावर करू नका. दुसरीकडे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचे नेहमीचे अपडेट थांबल्यापासून चांगली धडधाकट ४ जीबीची मशीन रोज दारात येत आहेत. त्यातली तीन मॉडेल आम्ही टेबलासाठी घेतली. निपाणीच्या वखारीतून आलेलं एक अजून पायरीवर आहे, साफ व्हायचं आहे. पुढची बीटा सगळ्यात आधी त्यालाच लागेल, कारण त्याच मॉडेलची २२ मशीन खानापूरच्या त्या पहिल्या शाळेनं मागितली आहेत.