लंबक, अडकित्ता, घटिकापात्र: काम कुठवर आलं

चालू घड्याळाचा फोटो १/५०० सेकंद शटरला काढा आणि बंद पडलेल्याचाही काढा. दोन्ही शेजारी ठेवले तर घड्याळजीलाही सांगता येणार नाही कुठलं चालतंय. माझ्या डोक्यात किडा शिरला तो इथून. डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला ‘काळ’ असा एका शब्दाचा विषय मिळाला आणि वर्गातल्या बहुतेकांनी जुन्या वस्तू, खिडकीतला तिरपा उजेड आणि वर सेपिया ही वाट धरली. फोटो देखणे होते, वाद नाही. पण त्यात दिसतं ते वस्तूचं वय. वेळ चालते, सरते, आणि ते चालणं त्या फोटोंत कुठेच नव्हतं. सबमिशन झालं, मार्क मिळाले, विषय संपला. मी मात्र अजून त्यातच आहे: वेळ चालताना, सरताना दिसेल असे फोटो काढायच्या नादात. तर मंडळी, मधल्या काळात काय काय झालं ते सांगते.

आधी घड्याळ. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी लंबकाची घड्याळं ढिगाने दिसतात आणि प्रत्येक घड्याळ ‘शंभर वर्षांचं, एकदम ओरिजनल’ असतं. खरं तर त्यातली बरीचशी जमवाजमव असते: पेटी इथल्या सुताराची, यंत्र जर्मन, तबकडी कालपरवा छापलेली. मी घेतलं त्याचंही कूळ असंच सरमिसळ. यंत्राच्या मागच्या पत्र्यावर ॲन्सोनियाचा शिक्का आहे. ही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली कंपनी. १९२९ मध्ये तिने गाशा गुंडाळला आणि तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली. तबकडीवर चाराच्या जागी चार उभ्या रेघा आहेत, जुन्या रोमन तबकड्यांवर असतात तशा. पेटी मात्र इकडचीच. वरच्या कमानीतला मोर इतका मराठी आहे की त्याला व्हिसा लागला नसणार.

दुरुस्तीवाल्या काकांनी यंत्र साफ करून तेल घातलं तेव्हा त्यांनी कानाने एक गोष्ट पकडली. म्हणाले, ‘‘अगं पोरी, हे मिनिटाला एकशेवीस टिकटिक करतंय, म्हणजे लंबक बरोबर सेकंदात जाऊन येतो.’’ हे माझ्या फारच कामाचं निघालं. लंबकाला जाऊन यायला लागणारा वेळ त्याच्या लांबीवर ठरतो. साधारण २५ सेंटिमीटरच्या लंबकाला एक सेकंद लागतो, मीटरभराच्या लंबकाला दोन. शटर नेमकं एक सेकंद ठेवलं तर बटण कधीही दाबा, अख्खी फेरी फोटोत येते. अंदाज धरून दाबायची कटकटच नाही. लंबकामागे काळं मखमली कापड, काचेचं दार उघडं (नाहीतर स्वतःचाच चेहरा येतो), बाजूने एकच दिवा, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १००, भिंगाचं तोंड एफ/११, म्हणजे बरंच बारीक.

फोटोत दिसतं ते असं. दोन्ही टोकांना पितळी गोळा लख्ख, जवळजवळ पूर्ण गोल. आणि मधे नुसता धुरकट पट्टा. टोकाला लंबक क्षणभर रेंगाळतो आणि मधून सर्वांत वेगाने जातो, त्यामुळे सेन्सरवर टोकांचा उजेड जास्त साचतो. शाळेत हे पुस्तकातून पाठ केलं होतं. पण घरच्या घड्याळाने स्वतःच ते काढून दाखवलं की वेगळीच मजा येते.

खरी कमाई पुढे झाली. हे आठ दिवसांच्या चावीचं घड्याळ. स्प्रिंग जसजशी सैल होते तसतसा लंबकाला मिळणारा धक्का कमी होतो आणि झोका आखूड होतो. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून चावी दिल्या दिवसापासून ट्रायपॉड न हलवता रोज रात्री त्याच सेटिंगवर एक फोटो काढला. पहिल्या रात्रीचा आणि शेवटच्या रात्रीचा फोटो एकावर एक ठेवला की दोन्हीकडची टोकं आत सरकलेली स्वच्छ दिसतात. स्प्रिंगमध्ये किती वेळ उरलाय ते तबकडीकडे न बघता सांगता येतं! मी तर आता पुढच्या प्रिंटमधून तबकडी कापूनच टाकणार आहे. काटे असले की लोक किती वाजले ते वाचतात आणि फोटो बघायचा राहून जातो.

अडकित्त्याचं थोडक्यात. त्याला लंबक नाही, काटे नाहीत, तो नुसता पडून असतो. पण पितळी मुठीवर अंगठा टेकतो तिथली नक्षी पार पुसली गेलीय आणि बोटांच्या खाचांमध्ये ती अजून टोकदार आहे. दिवा जवळजवळ वस्तूच्या पातळीला आणून सरपटता उजेड टाकला की हा फरक उठून येतो. समोरून उजेड टाकलात तर काहीही दिसणार नाही, नुसतं चकचकीत पितळ. ज्यांना पुणं जमतं त्यांनी राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि वज्र्या (पाय घासायच्या) जरूर बघा. मोर, घोडे, जोडपी, सगळे आकार आहेत, पण मी तिथे जाते ती झिजलेल्या कडा बघायला. अज्ञातवासी या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे उभं केलं. मोठमोठ्या शस्त्रांपेक्षा घरातल्या हातांनी वापरलेल्या वस्तू त्यांनी जास्त जिव्हाळ्याने जमवल्या असं मला तिथे दरवेळी वाटतं.

आणि हो, फोटोआधी पितांबरी लावू नका. काळपटपणा हाच पुरावा आहे. तो चिंचेने घासून काढला की उरते ती शोकेसमधली भेटवस्तू.

आता घटिकापात्र. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त हाती लागलं तेही इथेच. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: तांब्याची पातळ वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडायची. भोकातून पाणी आत येतं, वाटी हळूहळू उतरते आणि भरली की बुडते. वाटी बुडली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. अशा ६० घटकांचा एक दिवस. लग्नाचा मुहूर्त साधायला हीच वाटी घंगाळात सोडून गुरुजी बाजूला बसत. आत्याच्या सासरी कोकणात देवघरात एक आहे, आणि अजूनही मिनिटभर इकडेतिकडे सोडलं तर चोवीसला पक्कं. ते पुण्याला न्यायला आत्याने दिलं, पण आधी घासायला घेतलं होतं. ‘‘अगं, देवाघरचं भांडं असं काळं कसं न्यायचं?’’ शेवटी तडजोड झाली: फोटो आधी, चिंच नंतर.

मला हवा होता एकच फोटो, वाटी सोडल्यापासून बुडेपर्यंतचा, शटर पूर्ण वेळ उघडं. खिडकीशेजारी एफ/२२ ला कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर एक सेकंद सांगत होता. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळपट काच; दर स्टॉपला उजेड निम्मा) लावला की ते हजारपट होतं, म्हणजे साधारण १७ मिनिटं. राहिलेलं अंतर पडदा अर्धवट ओढून भागवलं. एफ/२२ ला धारदारपणा थोडा जातो, पण इथे सगळंच हलतंय, तेव्हा ते चालवून घेतलं. मोठी अडचण वाटीची. ती तरंगत तरंगत घंगाळाच्या कडेला जाऊन चिकटते. त्यावर उपाय म्हणजे घंगाळ अगदी काठोकाठ भरायचं, पाणी काठावर किंचित फुगलेलं दिसेल इतकं. मग वाटी कडेपासून लांब राहते. पाणी सांडेल ही भीती नको, कारण वाटीत जातं ते पाणी घंगाळातलंच असतं, पातळी हलत नाही.

या फोटोबद्दल तीन गोष्टी सांगायच्याच आहेत. पहिली, वाटीची कड एक पट्टा होऊन येते. तो वर फिका आणि पाण्यालगत गडद असतो. वाटी वर रुंद होत जाते, त्यामुळे ती भरत आली की उतरण्याचा वेग मंदावतो आणि कड पाण्यापाशी बराच वेळ रेंगाळते. पुन्हा तेच, लंबकाच्या टोकांसारखं: जिथे मंद, तिथे ठळक.

दुसरी, बुडण्याचा क्षण फोटोत नाही. सगळं लग्नघर ज्या क्षणाकडे डोळे लावून बसायचं तो सेकंदभरात उरकतो आणि चोवीस मिनिटांच्या उजेडापुढे त्याचा मागमूस उरत नाही. १८३८ मध्ये लुई दागेरने पॅरिसच्या भर रस्त्याचा फोटो काढला त्यातही हेच झालं होतं. गाड्याघोडे, वर्दळ, सगळं पुसलं गेलं आणि दिसला तो फक्त बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला माणूस, कारण तो हलला नाही. मला आधी वाटलं होतं की बुडणाऱ्या वाटीचा नाट्यमय फोटो मिळेल. आता मला ती गैरहजेरीच जास्त आवडते, आणि प्रिंटही तोच निवडला.

तिसरी गोष्ट निव्वळ योगायोग. लाँग एक्स्पोजरचा नॉइज (शटर फार वेळ उघडं राहिल्याने येणारे दाणे) कमी करायचा पर्याय चालू असला की कॅमेरा तितक्याच वेळाचा एक काळा फोटो मनाशी काढतो आणि त्यातून दाणे वजा करतो. म्हणजे २४ मिनिटं वाटीची आणि वर २४ कॅमेऱ्याची. एकूण ४८. दोन घटका म्हणजे एक मुहूर्त! माझ्या कॅमेऱ्याला एक फोटो काढायला शास्त्राप्रमाणे बरोब्बर एक मुहूर्त लागतो. आत्याला हे फोनवर सांगितलं तर तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही.

गच्चीवरचा डबा, म्हणजे माझा भिंगाशिवायचा घरगुती कॅमेरा, अजून सुरू आहे. नव्याने आलेल्यांसाठी: पावडरच्या डब्यात कृष्णधवल फोटोचा कागद, पत्र्याला सुईने पाडलेलं भोक, आणि महिनोन्‌महिने सूर्याकडे तोंड. रोजच्या सूर्याची एक रेघ कागदावर जळते. कागद डेव्हलप करायचा नाही, तसाच स्कॅन करून निगेटिव्ह उलटवायचा (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं). स्कॅनरच्या उजेडानेही तो काळवंडतो, तेव्हा पहिला स्कॅन चांगल्या रिझोल्युशनला घ्या. या डब्याचे सगळे धडे युरोपातल्या लोकांनी लिहिलेले आहेत आणि ते ‘दक्षिणेकडे तोंड करा’ म्हणतात. पुण्यात तसं करू नका. आपण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरातसुद्धा आपला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, मे महिन्याच्या मध्याला तो थेट डोक्यावर येतो आणि मग चक्क उत्तरेकडून जातो. दक्षिणेकडे तोंड केलेल्या डब्यात उन्हाळ्याच्या रेघा वरून चौकटीबाहेर निघून जातात. मी पूर्वेकडे लावलाय. उगवतीच्या रेघा किंचित उजवीकडे कलत वर चढतात आणि उत्तरायणात एकेक करून डावीकडे सरकतात. समोर शेजारच्या वाड्याच्या बिडाच्या कठड्याची वेलबुट्टी आहे, ती सावलीसारखी पुढ्यात येईल असा बेत आहे.

जाता जाता: माध्यान्ह म्हणजे बारा असं धरून उन्हाचं नियोजन करू नका. पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. १९०६ मध्ये देशभर एकच प्रमाणवेळ आली, पण मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ त्यानंतरही अनेक वर्षं धरून ठेवली होती. सूर्याच्या हिशेबाने मुंबईचंच बरोबर होतं.

पुढचं काम ठोक्यांचं. तासाचे आणि अर्ध्या तासाचे मिळून दिवसाला १८० ठोके पडतात. हातोडीच्या टोकाला बारीक चमकी चिकटवून, अंधाऱ्या खोलीत, दर ठोक्याला उठणारी रेघ एकाच फ्रेममध्ये साठवायची आहे. बाराचे ठोके धरले तर शटर बहुतेक अर्धा मिनिट लागेल. अडचण एकच: हातोडी प्रत्येक वेळी त्याच वाटेने जाते, त्यामुळे बाराच्या बारा रेघा एकमेकींवर पडून एकच दिसते. कॅमेरा ठोक्यागणिक थोडा सरकवावा लागेल, पण हाताने सरकवला तर अंतरं सारखी येत नाहीत. कोणी टर्नटेबल किंवा जुन्या टाइमरचं यंत्र ट्रायपॉडखाली लावून बघितलंय का? असेल तर गिअर कसा बसवलात ते लिहा, फोटो टाकलात तर फारच बरं.