बेटकास्टर विकायचं रद्द!
मागच्या वेळी वैतागून लिहिलं होतं की बेटकास्टर (मासेमारीचा रील, ज्यात कास्ट करताना लाईन गुंडाळलेला स्पूल स्वतः फिरतो) काढून टाकतो आणि परत स्पिनिंगवर (ज्यात कास्ट करताना स्पूल फिरत नाही) येतो, तर ते रद्द. काल लाईनच्या गुंत्याचं मूळ सापडलं आणि रीलचा काहीच दोष नव्हता.

सेटअप तोच, 7 ग्रॅमचं क्रँकबेट (माशासारखं ल्युअर, म्हणजे नकली आमिष), 30 पाउंड ब्रेड (विणलेली लाईन), मीडियम हेवी फास्ट रॉड (जरा ताठ, टोकाकडे वाकणारा). स्पूल आवळायचा टेन्शन नॉब बरोबर लावलेला, अंगठा सैल केला की ल्युअर सावकाश खाली येतं आणि जमिनीला टेकलं की स्पूल थांबतो. मॅग्नेट, म्हणजे स्पूलचा ब्रेक, 8 वर. तरी दर तिसऱ्या-चौथ्या कास्टला बॅकलॅश, म्हणजे स्पूलवर लाईनचा गुंता. मॅग्नेट पार 10 वर नेला तर ल्युअर 12 मीटरपुढे जाईना आणि गुंता होतो तो होतोच. छोटा गुंता अंगठा स्पूलवर दाबून हँडल दोन-तीनदा फिरवलं की सुटायचा, पण रविवारचा सुटेचना, तासभर एकेक वेढा नखाने उचलत बसलो, शेवटी 20 मीटर ब्रेड कापावी लागली, फार जिवावर आलं.

काल मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं तेव्हा दिसलं की ल्युअर जेमतेम 2-3 मीटर गेलंय तोवरच स्पूलवरचे वेढे फुगून वर येतायत. गुंता शेवटी झाला तर अंगठा उशिरा पडला असं समजायचं, पण सुरुवातीलाच होतोय म्हणजे कास्टमध्ये झटका आहे. मग रॉडवर छापलेलं ल्युअरचं वजन वाचलं, 10 ते 28 ग्रॅम! 7 ग्रॅमला तो वाकतच नाही, म्हणून मी मनगटाने हिसडा देतो, स्पूल सुसाट सुटतो आणि हलकं ल्युअर तेवढ्या वेगाने लाईन ओढून नेत नाही. विकणाऱ्याने 'सगळ्याला चालेल' म्हणून दिलेला हा रॉड, तेव्हा घेण्याआधी ल्युअरचं वजन बघाच, माझ्या मते पॉवर-ॲक्शनच्याही (रॉड किती ताठ, कुठे वाकतो) आधी.

खात्री करायला 14 ग्रॅमचा फ्रॉग (बेडकासारखं ल्युअर) लावला. सलग 20 कास्ट, एकही गुंता नाही!! मॅग्नेट 4 वर आणला तरी नाही. रॉड मागे वाकून भरून येतो ते हाताला कळतं, आणि मग स्पूलचा तो एकसारखा सूं आवाज, काय सांगू.

आता 5 ते 15 ग्रॅमचा कास्टिंग रॉड घ्यायचं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता वाटतंय कशाला? हलकं ल्युअर फिरवायला स्पूलही हलका लागतो, माझा जड आहे, म्हणजे रॉड बदलून निम्मंच काम होणार. त्यापेक्षा 10 ग्रॅमच्या खालचं सगळं 2500 साइझच्या स्पिनिंगवर, तिथे बेल (लाईन स्पूलवर घेणारी तार) हाताने बंद करायची सवय लागल्यापासून लाईनला पीळही कमी पडतोय. बेटकास्टर फक्त गवतातल्या फ्रॉगसाठी. उद्या पहाटे दोन्ही घेऊन जातोय, मॅग्नेट 3 वर आणून बघतो.