पोलिसांच्या सायबर विभागात इंटर्नशिप : अर्जापासून रुजू होईपर्यंत

विधी शाखेच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिप चुकत नाही. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे भरावे लागतात, तेही एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर नाही. आमच्या वर्गातले बहुतेक जण वकिलांच्या ऑफिसात जातात. सुरुवातीची वर्षं मीही तेच केलं. तिथे फौजदारी प्रकरणाचे कागद हातात येतात ते दोषारोपपत्र दाखल झाल्यावर. जबाब टाईप झालेले असतात, पंचनाम्यावर सह्या झालेल्या असतात, फोन सीलबंद पाकिटात गेलेला असतो. तक्रारदार घाबऱ्या चेहऱ्याने आत येतो तेव्हापासून त्या कागदांपर्यंत काय काय घडतं, ते मला बघायचं होतं. म्हणून चौथ्या वर्षी सायबर विभागात अर्ज करायचं ठरवलं.

पोलिसांकडे इंटर्नशिप मिळते का, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मिळते. केंद्र सरकारच्या मेरा युवा भारत पोर्टलवर ‘स्टुडंट पोलीस एक्सपीरिएन्शियल लर्निंग’ नावाचा कार्यक्रम आहे. त्यात विद्यार्थ्याला पोलीस ठाण्याशी जोडून १२० तासांचा अनुभव दिला जातो. गुरुग्राम पोलीस दरवर्षी उन्हाळ्यात सायबर सुरक्षेची इंटर्नशिप घेतात. सीबीआयनेही विद्यार्थ्यांसाठी जाहिराती काढलेल्या आहेत. पण मला जे काम हवं होतं आणि ज्या शहरात हवं होतं, तिथे जाहिरात नव्हती की छापील फॉर्म नव्हता. अशा ठिकाणी एकच मार्ग उरतो : कॉलेजच्या शिफारसपत्रासह साधा अर्ज.

या साध्या अर्जावरच सगळं ठरतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

मी पाठवलेल्या पहिल्या अर्जाला एका कार्यालयाकडून काहीच उत्तर आलं नाही. त्यानंतर आमच्या कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्राचं काम बघणाऱ्या सरांनी मला फाईल कशी चालते ते समजावून सांगितलं. अर्ज आवक शाखेत पडतो, तिथून वरिष्ठांकडे जातो, ते तो संबंधित विभागाला मार्क करतात, विभाग अभिप्राय देतो आणि कागद पुन्हा वर चढतो. या वाटेवरचं कुणीही तुम्हाला ओळखत नाही. प्रत्येकाला आपल्या सहीची जबाबदारी असते. ‘मला शिकायची आवड आहे’ एवढंच लिहिलं असेल, तर खालच्या टेबलावरच्या माणसाने अभिप्रायात काय लिहायचं? त्याच्या मनात तीन शंका असतात. तपासाचे कागद या मुलीच्या हाती लागले तर? तिला इथे काही झालं तर जबाबदार कोण? आणि हिच्यासोबत बसायला माणूस कुठून आणायचा? या तिन्हींची उत्तरं अर्जातच मिळाली, तर त्याला ‘हरकत नाही’ लिहिणं सोपं जातं.

मग मी अर्ज त्या अंगाने लिहिला. पोलीस आयुक्तांना उद्देशून, पदनामाने, व्यक्तीच्या नावाने नाही. विषयात तारखा आणि विभाग. पहिल्या परिच्छेदात मी कोण, कुठल्या वर्षाला, किती आठवडे हवेत. दुसऱ्यात स्पष्ट वाक्य : चालू तपासाची कागदपत्रं, मुद्देमाल किंवा कुठल्याही पोलीस प्रणालीचं लॉगिन मला नको आहे. तिसऱ्यात कॉलेजच्या समन्वयक प्राध्यापकांचं नाव आणि फोन नंबर. आणि चौथ्यात मी करू इच्छिते ते काम.

ते काम विधी सहाय्य केंद्रातल्या अनुभवातून सुचलं. तिथे फसवणूक झालेली माणसं यायची ती फोनमधले स्क्रीनशॉट घेऊन. खोट्या प्रोफाईलची तक्रार असली की स्क्रीनशॉटमध्ये फोटो आणि नाव एवढंच दिसायचं, प्रोफाईलची लिंक नसायची. समोरच्याने नाव बदललं की ते खातं शोधणं अवघड होऊन बसतं. पैसे गेलेले असले की रक्कम तोंडपाठ, पण यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक, ठाऊक नाही. काहींनी तर चीड येऊन सगळं चॅट डिलीट केलेलं असायचं. म्हणून मी अर्जात लिहिलं की तक्रारदारांसाठी सोप्या मराठीत दोन पानांचं माहितीपत्रक तयार करून देईन. येताना काय आणायचं, काय पुसायचं नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन लगेच का करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ऑनलाईन माहिती दिली तर तीन दिवसांत येऊन सही करावी लागते आणि कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पीडित व्यक्तीला किंवा माहिती देणाऱ्याला कळवायची असते, हेही त्यात असेल. कच्चा नमुना अर्जाला जोडला. नंतर मला सांगण्यात आलं की फाईल पुढे सरकली ती त्या नमुन्यामुळे, कारण विभागाला तसा कागद हवाच होता.

अर्ज हाताने नेऊन दिलात तर पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पुढे विचारपूस करताना ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. आवक क्रमांक सांगितला की रजिस्टरमध्ये बघून अर्ज कुठल्या शाखेकडे आहे ते सांगतात. आवक शाखेतल्या हवालदार मॅडमनी एकदा फक्त क्रमांक ऐकून सांगितलं, “वर गेलाय, ताई. सोमवारनंतर या.” आणि सोमवारनंतर तो खरंच खाली आलेला होता.

त्यानंतर चारित्र्य पडताळणी. फॉर्ममध्ये आतापर्यंतचे राहण्याचे पत्ते, शिक्षण आणि तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का हा प्रश्न. स्थानिक पोलीस ठाण्याचे अंमलदार घरी येऊन गेले, आईशी बोलले, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारले. पासपोर्टच्या वेळी होतं तसंच. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते : काहीही लपवू नका. माझ्याबरोबर अर्ज केलेल्या एका मित्राचं नाव विद्यार्थी आंदोलनाच्या एका जुन्या गुन्ह्यात होतं आणि न्यायालयाने त्याला सोडून दिलं होतं. ते लिहू नकोस असं त्याला चार जणांनी सांगितलं. त्याने वेगळ्या कागदावर सगळी हकीकत लिहिली आणि आदेशाची प्रत जोडली. त्याला बोलावणं आलं.

पडताळणीला बराच वेळ लागतो. त्या काळात वाट बघण्यापलीकडे करण्यासारखं काही नाही. मी कायदा वाचत बसले.

त्याचा उपयोग मुलाखतीत झाला. तिला मुलाखत म्हणणंही जास्तच होईल. पोलीस निरीक्षक मॅडमच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसून झालेल्या गप्पाच त्या, मध्ये दोनदा फोन, एकदा सहीसाठी कागद. पहिला प्रश्न : “तुझ्या मैत्रिणीचे पैसे आत्ता पाच मिनिटांपूर्वी गेले. काय करशील?” मी म्हटलं, आधी १९३० वर फोन, मग बँकेला कळवणं, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. त्यांनी मान डोलावली. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असतात. ते कुठल्यातरी खात्यात असतानाच तिथे होल्ड लागला तर परत मिळण्याची आशा असते. “लोक आधी आमच्याकडे येतात, रिक्षाने, तासाभराने,” त्या म्हणाल्या. “तो तास मला हवा असतो.”

दुसरा प्रश्न पुराव्याचा. तक्रारदाराने चॅटच्या छापील प्रती आणल्या, त्या न्यायालयात चालतील का? कॉलेजात आम्ही जुन्या पुरावा कायद्यातल्या, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या कलम ६५-ब वर घोकंपट्टी केली होती. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आणि आता ते कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिला आहे, त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहायची. मी एवढं सांगितलं तेव्हा मॅडमनी ड्रॉवरमधून कोरा नमुना काढून माझ्यापुढे ठेवला आणि हॅशच्या रकान्यावर बोट टेकवलं. “हे तक्रारदार आजोबांना कसं समजावशील?” मी म्हटलं, फाईलच्या बोटांचा ठसा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. “हे तुझ्या पत्रकात घाल,” त्या म्हणाल्या.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. “उद्या इथे तुझ्या ओळखीच्या बाई तक्रार घेऊन आल्या तर?” मी म्हटलं, मी लगेच तुम्हाला सांगेन, त्या खोलीत थांबणार नाही आणि घरीही बोलणार नाही. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या आठवड्यात हमीपत्रावर सही करायला ये म्हणाल्या.

ते हमीपत्र मी ओळन् ओळ वाचलं. तुम्हीही वाचा. इथे पाहिलेलं-ऐकलेलं बाहेर सांगणार नाही, फोटो काढणार नाही, ठरवून दिलेल्या जागेपलीकडे जाणार नाही. सायबर विभागात येणाऱ्या तक्रारींत बनावट अश्लील फोटोंच्या तक्रारी असतात, त्यांत अल्पवयीन मुली असतात. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मुलांसाठी पॉक्सो आणि बाल न्याय कायद्यात स्वतंत्र तरतुदी आहेत. पण शिक्षेचं सोडा. एखादी मुलगी सगळं बळ एकवटून त्या दारातून आत येते ती इथलं बोलणं इथेच राहील या भरवशावर. आपण विद्यार्थी म्हणून तिथे कोपऱ्यात बसलेले असतो, तेव्हा तो भरवसा आपल्याही हातात असतो. ज्यांना पोलिसी टोपीजवळ उभं राहून फोटो टाकायचा आहे, त्यांनी कृपा करून हा अर्ज करू नये.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा त्यात विभाग, तारखा आणि ज्या उपनिरीक्षकांच्या हाताखाली काम करायचं त्यांचं पदनाम होतं. पहिल्या दिवशी कॉलेजचं ओळखपत्र, आधारची प्रत, दोन फोटो आणि मंजुरीपत्राची प्रत नेली. फोन दारातल्या कपाटात ठेवायचा होता, म्हणून वही घेऊन गेले ते बरं झालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर जानेवारीतच अर्ज द्या, पडताळणीला वेळ मिळतो. प्रमाणपत्राचा मजकूर विद्यापीठाला कसा लागतो हे कॉलेजकडून लेखी घेऊन पहिल्याच आठवड्यात विभागात देऊन ठेवा. एकूण तास, तारखा, कामाचं स्वरूप आणि अधिकाऱ्याचा गोल शिक्का. तोवर दैनंदिनीवर रोजच्या रोज सही घेत चला, कारण ज्यांच्या हाताखाली तुम्ही काम करता त्यांची बदली मध्येच होऊ शकते.