ट्युलिपचे कंद आणि तळणीचे मोदक

आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या जिममध्ये बसतो. वर बास्केटबॉलची जाळी, खाली सतरंज्या आणि मध्ये पुठ्ठ्याचं मखर. मिशिगनच्या पश्चिम काठावर मराठी घरं मोजकीच. त्यामुळे बाप्पाही चतुर्थीच्या आसपासच्या शनिवारी सकाळी येतात आणि रात्री हॉल झाडून द्यायच्या आत निघतात. कापराला परवानगी नाही. एका वर्षी कुणीतरी हौसेने पेटवलाच, धुराचा भोंगा वाजला आणि 'घालीन लोटांगण' आम्ही पार्किंगमध्ये म्हटलं.

हे सगळं पुढच्या बाजूला मांडलेल्या दोन घडीच्या खुर्च्यांवरून एक जोडपं बघत असे. आम्ही सगळे खाली मांडी घालून, फक्त ते दोघे खुर्चीवर. नव्याने आलेल्यांना वाटायचं, प्रमुख पाहुणे असावेत. ते आमचे शेजारी होते.

आम्ही राहतो त्या गावाचं नावच हॉलंड. 1847 मध्ये व्हान राल्टे नावाच्या डच पाद्रीबुवांनी आपल्या मंडळींना घेऊन इथल्या दलदलीत ते वसवलं. मायदेशातल्या सरकारमान्य चर्चशी पटेना, आणि बटाट्यावर रोग पडून पोटाचेही हाल. शेजारचे आजोबा मात्र त्या जुन्या डचांपैकी नव्हेत, ते युद्धानंतर आलेले. आजी तर डचच नव्हेत, जर्मन. आजोबांना दोन्ही भाषांत ओपा म्हणतात आणि आजीला ओमा. या एका बाबतीत त्या दोघांचं भांडण कधी झालं नाही. माझी लेक बोलायला लागली तशी ओमा-ओपा म्हणू लागली, आणि मग आम्हीही.

पहिल्या वर्षी गणपतीच्या सकाळी ओमा आमची ताटली परत द्यायला आल्या. (रिकामी नाही हं, त्यात केक होता. ताटली रिकामी परत करू नये हे त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे.) मी ओट्यापाशी नैवेद्याचे मोदक मांडत होते. त्या मागे उभ्या राहून पुटपुटत मोजू लागल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आइन-उंट-त्स्वांत्सिश." म्हणजे किती, विचारलं. एक आणि वीस. मी म्हटलं, आमच्याकडेही एक आधी आणि वीस नंतर, एकवीस! त्यांना इतका आनंद झाला की कुंपणापाशी जाऊन त्यांनी ओपांना हाक मारली. ओपांनी डचमध्ये सांगितलं, "एन-एन-ट्विंतिख." तेही एक आणि वीसच. "जगात इंग्रज तेवढा उलटा मोजतो," असा निकाल देऊन ओपांनी न विचारताच एक मोदक उचलला. नैवेद्य अजून दाखवायचा होता. माझ्या सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी एकविसावा पुन्हा तळायला घेतला.

पुढच्या वर्षीपासून मोदकांची कणीक ओपांकडून येऊ लागली. आमच्या गावात एक खरी डच पवनचक्की आहे, 'द झ्वान', म्हणजे हंस. ही चक्की 1964 मध्ये सुटी करून जहाजाने इथे आणली आणि पुन्हा उभी केली. ती अजून दळते. तिथल्या पिठाची पिशवी घेऊन ओपा आदल्या दिवशी दारात हजर. ते जाडसर पीठ मी दोनदा चाळायची आणि मोहन जरा सढळ घालायची. तळणीचे मोदक असे खुसखुशीत व्हायचे की मंडळात उकडीचे करणाऱ्या बायकाही गप्प बसत. उकडीच्या आणि तळणीच्या वादात पडायचं नाही, असं मी ठरवलेलं आहे. पण तळणीचे जास्त टिकतात.

दुसरा मेळावा शाळेचा, मे महिन्यातला. गावात ट्युलिपचा उत्सव असतो. इथल्या हायस्कुलातल्या लिडा रॉजर्स या जीवशास्त्राच्या बाईंनी 1927 मध्ये ही कल्पना काढली, पालिकेने लाखभर कंद मागवले आणि 1929 पासून उत्सव सुरू झाला. मिरवणुकीआधी रस्ता धुतात. पारंपरिक वेशातली मानाची मंडळी येऊन गंभीर चेहऱ्याने रस्ता तपासतात, घाण आहे असं जाहीर करतात आणि मग सगळं गाव बादल्या-खराटे घेऊन तुटून पडतं. पालखीच्या वाटेवर सडा घालणाऱ्या आमच्या सांगलीकडच्या बायका मला दर वेळी आठवतात. फक्त आमच्याकडे आधी तपासणीचं नाटक नसतं.

मुलांच्या मिरवणुकीत शाळेच्या शाळा डच कपडे घालून चालतात. मोठ्या मुली लाकडी खडावा घालून रस्त्यावर नाचतात. खडावा म्हणजे अख्खा बूटच लाकडाचा, क्लोम्पेन. माझी लेक हायस्कुलात गेल्यावर नाचात गेली. सरावाच्या पहिल्याच दिवशी दोन्ही टाचांना फोड. ओमांनी तिला स्टुलावर बसवलं आणि मोजे चढवायला सुरुवात केली. आधी पातळ सुती, त्यावर जाड, त्यावर आणखी जाड, प्रत्येकाची शिवण वेगळ्या जागी येईल असा. सात थर झाल्यावर पाय खडाव्यात घातला आणि करंगळी टाचेमागून फिरवून बघितली. लेकीने विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत, तुम्ही कुठे नाचलात? ओमा म्हणाल्या, "नाचले नाही, चालले."

ब्रेस्लाउमधून. जानेवारी 1945. रशियन फौजा जवळ आल्या म्हणून बायका-मुलांनी शहर सोडावं असा हुकूम निघाला. गाड्यांत जागा नव्हती आणि उणे वीसच्या थंडीत माणसं पायी निघाली. ओमा सहा वर्षांच्या. आईने तीन फ्रॉक एकावर एक चढवले आणि घरातले होते तेवढे मोजे. युद्धानंतर शहर पोलंडकडे गेलं आणि त्याचं नावही बदललं, व्रोत्स्वाफ. परतायला गावच उरलं नाही. हे सगळं त्यांनी मोज्याचं टोक सरळ करता करता सांगितलं आणि वर म्हणाल्या, "आता उभी राहा बघू."

ओपांची गोष्ट ऑक्टोबरातली. थंडी पडायच्या आत ट्युलिपचे कंद लावायचे असतात. त्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या अंगणात. ओपा दर वर्षी एक कंद बाजूला ठेवायचे. खिशातला चाकू काढून तो कांद्यासारखा मधोमध चिरायचे आणि आतला पिवळा कोंब चाकूच्या टोकाने अलगद उचलून फेकायचे. "हा विषारी. बाकीचं खाता येतं."

ते हारलेमचे. 1944 च्या शरदात डच रेल्वेचा संप झाला, जर्मनांनी सूड म्हणून पश्चिमेकडचं धान्य अडवलं, मग कालवे गोठले. शहरातल्या माणसाला दिवसाला पाचशे कॅलरीच्या आसपास शिधा मिळू लागला. त्या हिवाळ्यात वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. लढाईमुळे ट्युलिपचा व्यापार ठप्प, कंद मात्र पोत्यांनी पडून होते. ते उकडून, कुटून लोकांनी खाल्ले. दर वर्षी एखादं नवं पोर विचारायचंच, चव कशी होती? ओपा म्हणायचे, "ओल्या भुशासारखी. पण भुसा गोड नसतो." ओमा तेव्हा काही न बोलता खड्डे मोजत असायच्या.

उपाशी ठेवणारे कोण आणि उपाशी राहिलेलं कोण, हे त्या अंगणात दोघांनाही ठाऊक होतं. आमच्याकडे सोयरिकीत घाटावरचं-कोकणातलं निघतं, त्यापुढे हे केवढं! तरी त्यांचं जमलं कसं, हे मी एकदा गणपतीच्या पंगतीतच विचारलं.

ओमा आधी आल्या, 1955 मध्ये. अमेरिका तेव्हा देशवार कोटा ठरवून माणसं घ्यायची. जर्मनीचा कोटा वर्षाला पंचवीस हजारांच्या वर, नेदरलँड्सचा तीन हजारांच्या आसपास. युद्ध हरलेल्यांना दार मोठं आणि उपाशी राहिलेल्यांना खिडकी, हे ओपांचं ठरलेलं वाक्य. ते दोन वर्षांनी 'ग्रोटे बेर' जहाजातून आले. मोठं अस्वल, म्हणजे आपले सप्तर्षी, हे मी सांगितल्यावर ओपांनी खिशातल्या पावतीच्या मागे 'सप्तर्षी' लिहून घेतलं.

इंग्रजी शिकायच्या रात्रशाळेत दोघे एका बाकावर आले. तिचे उच्चार ऐकून ओपा म्हणाले, "आधी माझी सायकल परत कर." युद्धात जर्मनांनी डचांच्या सायकली जप्त केल्या होत्या, त्यावरून जर्मन माणूस दिसला की मारायचा तो टोमणा. ओमांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, बिचाऱ्याची सायकल हरवली. दुसऱ्या संध्याकाळी त्या शाळेच्या आवारात हुडकायला लागल्या, आणि ओपा शरमेने मागे मागे.

लग्न झालं तेव्हा ओपांच्या आईने दोन वर्षं पत्र टाकलं नाही. पहिल्या वाढदिवसाला ओमांनी पगारातून जुनी सायकल आणली आणि हँडलला चिठ्ठी बांधली: परत. ती सायकल त्यांच्या गॅरेजमध्ये खुंटीला टांगलेली असायची. चिठ्ठी मी पाहिलेली नाही. ओपा म्हणायचे आहे, ओमा म्हणायच्या उंदरांनी खाल्ली.

या गावात 'डच नाही, तो फारसा काही नाही' अशा अर्थाची यमक जुळवलेली चिकटपट्टी गाड्यांवर दिसते. ओमांना ती आयुष्यभर खुपली. घरात त्या हट्टाने जर्मनमध्ये मोजायच्या, विणकामाचे टाके, जिन्याच्या पायऱ्या, आमचे मोदक. साठ वर्षांत ओपांना त्यांच्या तोंडून एक डच आकडा काढता आला नाही.

ओपा गेले त्याला तीन हिवाळे झाले. पवनचक्कीचं पीठ आता मी आणते. गेल्या गणपतीला मंडळातल्या मुलांनी सवयीने खुर्च्या दोनच मांडल्या होत्या. ओमा एकीवर बसल्या आणि दुसरीवर त्यांनी पर्स ठेवली. मी ताट घेऊन पुढे गेले तशी त्यांनी बोट पुढे करून मोदक मोजायला सुरुवात केली. भोवती पोरांचा कालवा, स्पीकरची खरखर. आधी नीट ऐकू आलं नाही. शेवटच्या मोदकाशी बोट थांबलं.

"एन-एन-ट्विंतिख," त्या म्हणाल्या, आणि पर्स उचलून मला शेजारी बसायला सांगितलं.